सार्वजनिक रस्ता सर्वांचा : हक्क, परवानगी आणि संरक्षणाचे कायदे

एप्रिल जवळ आला की गावोगावच्या जयंती उत्सव समित्यांपुढे एकच प्रश्न असतो : यंदा मिरवणुकीला परवानगी मिळणार का, आणि मिळाली तर कोणत्या रस्त्याने? पावसाळ्यात दुसरा प्रश्न उभा राहतो. वस्तीतून स्मशानभूमीकडे जाणारी वाट कुणीतरी नांगरून टाकलेली असते आणि प्रेत कुठून न्यायचे यावरून वाद पेटतो. शहरातला प्रश्न तिसराच. चौकातला पुतळा, विहारासमोरचा मंडप किंवा पदपथावरचे पुस्तकांचे दुकान यांना एक दिवस अचानक नोटीस येते.

हे तिन्ही प्रश्न रस्त्याचे आहेत आणि तिन्हींची उत्तरे कायद्यात आहेत. आपले कार्यकर्ते अनेकदा केवळ भावनेच्या बळावर लढतात आणि समोरचा माणूस कागद घेऊन येतो. म्हणून रस्त्याच्या वापराचे आणि संरक्षणाचे महत्त्वाचे कायदे आम्ही येथे एका जागी मांडत आहोत. सगळ्याचे सार एवढेच : सार्वजनिक रस्त्याने चालणे आणि मिरवणूक काढणे हा आपला हक्क आहे. पोलिसांची परवानगी म्हणजे त्या हक्काचे नियमन, कुणाची मेहेरबानी नव्हे. आणि रस्ता कायमचा अडवण्याचा हक्क गावातल्या कुठल्याही बड्या घराला नाही, तसा तो आपल्यालाही नाही.

रस्त्याचा लढा जुना आहे

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांना रस्त्याने जाताना कमरेला झाडू बांधावा लागे, ही नोंद बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये केली आहे. ज्या रस्त्याला आज आपण सहज 'सार्वजनिक' म्हणतो, तो सर्वांचा होण्यासाठी माणसांना तुरुंगात जावे लागले, मार खावा लागला.

त्रावणकोर संस्थानातल्या वैकोम येथे ३० मार्च १९२४ रोजी सुरू झालेला सत्याग्रह मंदिर प्रवेशासाठी नव्हता. शिवमंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून अवर्णांना चालता यावे, एवढीच मागणी होती. त्यासाठी वीस महिने लढावे लागले. नोव्हेंबर १९२५ मध्ये सत्याग्रह थांबला तेव्हा तीन बाजूंचे रस्ते खुले झाले होते, पूर्वेकडचा मात्र बंदच राहिला. तो उघडायला १९३६ ची मंदिर प्रवेश घोषणा यावी लागली.

आपल्याकडे महाडचा लढा पाण्याचा म्हणून ओळखला जातो. पण २० मार्च १९२७ रोजी परिषदेचे प्रतिनिधी महाडच्या रस्त्यांवरून मिरवणुकीने, शिस्तीत, चवदार तळ्यावर गेले. म्हणजे त्या दिवशी तळ्याबरोबर रस्त्यावरचाही हक्क बजावला गेला. त्यामागे कायद्याचा आधार होता. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. कागदावर हक्क होता, तो बजावण्याची हिंमत सत्याग्रहींनी दाखवली.

पुढचा भाग कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावा. स्पृश्यांनी बाबासाहेबांविरुद्ध दिवाणी दावा लावला. तळ्यावर अस्पृश्यांना येऊ न देण्याची पूर्वापार रूढी आहे, हे त्यांचे म्हणणे होते. दावा दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण अशी अनादी काळापासूनची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. 'पूर्वीपासून असेच चालत आले आहे' एवढे म्हणून भागत नाही, हे तेव्हाच ठरले. आज तर ही रूढी कुणी सिद्ध केली तरी ती राज्यघटनेपुढे टिकणार नाही.

घटनेत 'रस्ते' हा शब्दच आहे

अनुच्छेद १५ चा दुसरा खंड अनेकांनी पूर्ण वाचलेला नसतो. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कुणाही नागरिकाला विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागांच्या वापरापासून रोखता येणार नाही, असे तो सांगतो. अट एकच : ती जागा पूर्णतः किंवा अंशतः शासनाच्या पैशातून राखलेली असावी किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेली असावी. हे बंधन केवळ शासनावर नाही, गावातल्या माणसांवरही आहे. ग्रामपंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या निधीतून झालेला प्रत्येक रस्ता या खंडात बसतो.

अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरवला. अनुच्छेद १९ ने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे आणि देशभर मुक्तपणे फिरण्याचे स्वातंत्र्य दिले. या स्वातंत्र्यांवर सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी 'वाजवी' निर्बंध घालता येतात. पुढचे सगळे कायदे आणि सगळे वाद या 'वाजवी' शब्दाभोवती फिरतात.

रस्ता कुणाच्या ताब्यात?

तक्रार कुठे करायची हे रस्ता कुणाचा यावर ठरते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार, दुसऱ्या कुणाची कायदेशीर मालकी सिद्ध होत नसेल तर सर्व सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत. देखभाल मात्र वेगवेगळ्या संस्थांकडे असते. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे, राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग सहसा जिल्हा परिषदेकडे, गावठाणातले रस्ते ग्रामपंचायतीकडे आणि शहरातले रस्ते नगरपरिषद किंवा महापालिकेकडे.

'हा रस्ता सार्वजनिक नाहीच, आमच्या शेतातून जातो,' असा दावा झाला तर पुढील कागद काढा :

- गाव नकाशा. जुन्या वाटा त्यावर दाखवलेल्या असतात. एक तुटक रेषा असेल तर पायवाट, दोन समांतर तुटक रेषा असतील तर गाडीवाट.
- ग्रामपंचायतीचा नमुना २३, म्हणजे रस्त्यांची नोंदवही. रस्ता येथे नोंदलेला नसेल तर ग्रामसभेत ठराव करून नोंद करून घ्या.
- सातबारा. इतर हक्कांच्या रकान्यात वाटेची नोंद आहे का ते पाहा.
- रस्त्यावर झालेल्या सरकारी खर्चाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत. मुरूम, खडीकरण, काँक्रीट, पथदिवा, गटार यांपैकी कशावरही सार्वजनिक पैसा खर्च झाला असेल तर अनुच्छेद १५ (२) चा पुरावा तुमच्या हातात आहे.

हे कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. वाद पेटण्याआधी कागद काढून ठेवलेले बरे.

रस्त्याच्या नावाचाही येथे उल्लेख करायला हवा. वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे त्यासाठी सुचवली गेली. तुमच्या गावाच्या नोंदवहीत अजून जुनेच नाव असेल तर नमुना २३ ची प्रत मागताना ते बदलण्याचा अर्जही सोबत द्या.

वाट अडवली तर

तार टाकून, चर खणून, काटेरी झुडपे लावून किंवा बांधकाम पुढे सरकवून रस्ता बंद केला जातो. अशा वेळी आपण सरळ पोलीस ठाण्यात जातो आणि 'हा महसुली वाद आहे' असे ऐकून परत येतो. प्रकरण कोणत्या प्रकारचे आहे ते आधी ओळखा.

गावठाणातला किंवा वस्तीचा रस्ता असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ पाहा. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. ती टाळाटाळ करत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि ते अतिक्रमण काढायला लावू शकतात. सरपंच अतिक्रमण करणाऱ्याचा नातेवाईक असतो अशा गावांत हा मार्ग फार कामाचा आहे.

शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करा. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल झाला पाहिजे. बैठका आणि समेटाच्या आश्वासनांत ही मुदत निघून जाते, त्यामुळे बोलणी चालू ठेवून अर्ज मात्र देऊन ठेवा. शेताला वाटच नसेल आणि बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ आहे. तहसीलदार जागेची पाहणी करून, कमीत कमी नुकसान होईल असा रस्ता देतात. त्या निर्णयाविरुद्ध एका वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात जाता येते.

सार्वजनिक वाटेवर बेकायदा अडथळा असेल आणि तातडी असेल, उदाहरणार्थ स्मशानभूमीची वाट, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ वापरा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले हे कलम १३३. जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी अडथळा काढण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. प्रांत कार्यालयात छायाचित्रे, नकाशा आणि पंचनाम्यासह अर्ज द्या.

फौजदारी बाजूही माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. सार्वजनिक मार्गात अडथळा किंवा धोका निर्माण केल्यास कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. जुन्या कलम २८३ मध्ये तो फक्त २०० रुपये होता. एखाद्या व्यक्तीला जाण्याचा हक्क असलेल्या दिशेने जाऊ न देणे म्हणजे अन्यायाने अटकाव. कलम १२६ खाली त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रस्ता किंवा पूल उखडून तो जाण्यायोग्य राहणार नाही किंवा प्रवास असुरक्षित होईल असे नुकसान केल्यास कलम ३२६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

अडवण्यामागे जात असेल तर

येथे चित्र पूर्ण बदलते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यातली दोन कलमे रस्त्यासाठी महत्त्वाची आहेत.

कलम ३ (१) (वाय) : सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा वहिवाटीचा मार्ग नाकारणे किंवा इतरांना खुल्या असलेल्या ठिकाणी जाण्यास अडथळा करणे.

कलम ३ (१) (झेडए) : यात रस्ता, वाट, दफनभूमी किंवा स्मशानभूमी, पाणवठा, सार्वजनिक वाहन यांचा वापर रोखणे येते. सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, पायात चप्पल घालण्यास, नवे कपडे घालण्यास अडवणे येते. लग्नाची वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर किंवा वाहनात बसण्यास अडवणे येते. धार्मिक, सामाजिक किंवा सांस्कृतिक मिरवणूक काढण्यास किंवा तीत भाग घेण्यास रोखणेही येते. म्हणजे 'आमच्या आळीतून जयंतीची मिरवणूक जायची नाही' ही धमकी थेट या कलमात बसते.

दोन्हींना सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. कलम १८ नुसार अटकपूर्व जामीन मिळत नाही. २०१८ मध्ये घातलेल्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने करायचा असतो. ज्याचे कर्तव्य आहे त्या लोकसेवकाने जाणूनबुजून टाळाटाळ केली तर कलम ४ खाली त्यालाही सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. बंद केलेला मार्ग पुन्हा मिळवून देणे हाही नियमांप्रमाणे पीडितांच्या मदतीचा भाग आहे. केवळ आर्थिक साहाय्य घेऊन थांबू नका, रस्ता उघडून मागा.

आपल्या समाजाच्या दृष्टीने एक मुद्दा पक्का समजून घ्या. 'तुम्ही बौद्ध झालात, मग ॲट्रॉसिटी कशी लागेल?' असे आजही पोलीस ठाण्यात ऐकवले जाते. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० मध्ये १९९० साली दुरुस्ती झाली आणि हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही त्यात समावेश झाला. मूळ जात अनुसूचित असलेल्या बौद्ध व्यक्तीला हा कायदा पूर्णपणे लागू आहे. फिर्यादीसोबत जातीच्या दाखल्याची प्रत जोडा म्हणजे वाद तिथेच मिटतो. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चे कलम ४ वेगळे आहे. तेही रस्ता, वाट आणि मिरवणुकीला लागू होते, त्याचा आधार अस्पृश्यता हा आहे आणि शिक्षा एक ते सहा महिन्यांची आहे.

त्याच वेळी एक सावधगिरी. दोन शेजाऱ्यांचा बांधाचा वाद केवळ एकजण अनुसूचित जातीचा आहे म्हणून अत्याचाराचा गुन्हा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा प्रकरणात नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. म्हणून फिर्यादीत नेमके लिहा : तोच रस्ता इतर कोण वापरतात, आपल्यालाच कुणी, केव्हा, कोणत्या शब्दांत अडवले, साक्षीदार कोण. 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढ्या एका ओळीवर खटले टिकत नाहीत.

मिरवणूक आणि सभा : परवानगीचा अर्थ

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली रस्त्यावरची वाहतूक, सभा आणि मिरवणुका यांचे नियम पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी करतात. हाच कायदा पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम म्हणून गुजरातलाही लागू होता आणि त्यातूनच देशभर मार्गदर्शक ठरलेला निकाल आला. अहमदाबादमध्ये हिंमतलाल शहा यांना सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याची परवानगी पोलिसांनी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ मध्ये तो नियमच रद्द केला. रस्त्यावरील सभेचे नियमन करता येईल. पण कोणतेही निकष न देता परवानगी नाकारण्याचा मोकाट अधिकार अधिकाऱ्याला देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. कुणीही कुठेही, कधीही सभा घ्यावी असेही त्या निकालाने सांगितलेले नाही.

म्हणून अर्जाची पद्धत नीट पाळा. मार्गाचा नकाशा, वेळ, अंदाजे संख्या, वाहनांची आणि ध्वनिवर्धकाची माहिती, स्वयंसेवकांची नावे आणि जबाबदार व्यक्तींचे फोन क्रमांक लिहून अर्ज पुरेसा आधी द्या आणि पोच घ्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद असतो. शासनाने जाहीर केलेल्या सवलतीच्या दिवसांतच मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, तेव्हा तुमचा दिवस त्या यादीत आहे का ते आधी तपासा. परवानगी नाकारली तर नकार लेखी आणि कारणासह मागा. तोंडी नकाराविरुद्ध न्यायालयात जाणे कठीण जाते.

'तणाव होईल' हे कारण सर्वांत जास्त वेळा दिले जाते. तणाव कोण निर्माण करणार आहे, हा प्रश्न अर्जात विचारा. मिरवणूक शांततेत जाणार असेल आणि धमकी दुसऱ्या बाजूने असेल, तर बंदोबस्त देणे हे पोलिसांचे काम आहे. त्याच मार्गाने इतर उत्सवांच्या मिरवणुका जात असतील तर त्यांची तारखेनुसार यादी जोडा. समानतेचा अनुच्छेद १४ येथे उपयोगी पडतो. शासनाने ठरवले तर व्यवस्था होते, हे आपण दरवर्षी पाहतो. १ जानेवारीला कोरेगाव भीमा येथे पुणे–अहिल्यानगर मार्गावरील वाहतूक वळवली जाते, ६ डिसेंबरला दादरमध्ये वाहतुकीचे बदल जाहीर होतात, आषाढीला पालखी मार्गावर तसेच होते. गावातल्या तीन तासांच्या मिरवणुकीला रस्ताच नाही, असे म्हणता येणार नाही.

जमावबंदीचे दोन आदेश वारंवार समोर येतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (३) चा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा, म्हणजे जुन्या १४४ चा, आदेश दोन महिन्यांपर्यंत राहू शकतो. आदेश संपूर्ण वाचा. त्यात कोणत्या कार्यक्रमांना सूट आहे आणि परवानगी घेऊन काय करता येते हे लिहिलेले असते.

रास्ता रोको करण्याआधी

संताप झाला की आपण रस्त्यावर उतरतो. त्याचे कायदेशीर परिणाम प्रत्येक तरुणाला माहीत हवेत, कारण आंदोलन एका दिवसाचे असते आणि खटला पुढची दहा वर्षे नोकरीच्या, पासपोर्टच्या, चारित्र्य पडताळणीच्या आड येतो.

शाहीनबाग प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सार्वजनिक रस्ते अनिश्चित काळासाठी व्यापता येणार नाहीत. निदर्शने ठरवून दिलेल्या जागी करावीत. बंदी आदेश मोडला तर न्याय संहितेचे कलम २२३ लागते. पाच किंवा अधिक जणांचा जमाव बेकायदा ठरला तर कलम १८९, आणि पुढच्या प्रत्येक कृत्याची जबाबदारी जमावातल्या सर्वांवर येऊ शकते. राष्ट्रीय महामार्गाला हेतुपुरस्सर हानी केल्यास राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम ८-ब खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. एसटी बसची तोडफोड केली तर सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंध अधिनियम, १९८४ खाली सहा महिने ते पाच वर्षे. आग लावली तर एक ते दहा वर्षे. एसटीने आपल्याच वस्तीतली मुले शाळेला जातात, हे वेगळे सांगायला नको.

दुसरीकडे, बळ वापरताना पोलिसांवरही बंधने आहेत. आधी पांगण्याचा आदेश, मग गरजेपुरतेच बळ. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक महामार्गावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जणांचा जीव गेला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये दोषी ठरवले. त्यासाठी बारा वर्षे लागली. रस्त्यावर उतरताना हे विसरू नये, आणि आंदोलनाचे संपूर्ण चित्रीकरण स्वतःच्या स्वयंसेवकांकडून करून ठेवावे.

पुतळा, मंडप, कमान

हा भाग आपल्याला अप्रिय वाटेल, पण सांगणे भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि इतर सार्वजनिक जागांवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश दिला. १८ जानेवारी २०१३ रोजी त्याच प्रकरणात रस्ता, पदपथ आणि रस्त्याच्या कडेला पुतळा किंवा अन्य बांधकाम उभारण्यास परवानगी देऊ नये, असेही राज्यांना सांगितले. रातोरात चौकात बसवलेला पुतळा या आदेशापुढे टिकत नाही. तो हटवला जातो तेव्हा होणारी विटंबना आणि तरुणांवरचे गुन्हे, दोन्हींची किंमत समाज मोजतो.

बाबासाहेबांचा किंवा तथागतांचा पुतळा उभारायचाच असेल तर जागा आधी. रस्त्याबाहेरची, ग्रामपंचायतीची, ट्रस्टची किंवा विकत घेतलेली, निर्वेध मालकीची जागा निवडा. स्थानिक संस्थेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पोलिसांचा अभिप्राय आणि प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता, या क्रमाने जा. वेळ लागतो, पण असा पुतळा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो.

२००९ च्या आदेशाने जुन्या बांधकामांचा विचार प्रत्येक प्रकरणाप्रमाणे करण्यास राज्यांना सांगितले आहे. म्हणून जुन्या विहाराला नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या, बांधकाम कोणत्या सालचे आहे याचे पुरावे जोडा. आणि त्याच रस्त्यावरची इतर बांधकामे सोडून फक्त आपल्यावर कारवाई होत असेल तर तो भेदभाव नोंदवा.

मंडप आणि कमानी तात्पुरत्या असल्या तरी त्यांनाही महापालिकेची परवानगी लागते. मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ चे कलम ३१४ आणि इतर महापालिकांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमाचे कलम २३१ आयुक्तांना रस्त्यावरचा अडथळा विनानोटीसही काढण्याचा अधिकार देते. पण ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोटीस न देणे हा अपवाद आहे, नियम नव्हे. माणसाचे घर किंवा पोट जात असेल तर त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. पदपथावर पुस्तके, निळे झेंडे, मूर्ती विकणाऱ्या आपल्या फेरीवाल्यांसाठी पथविक्रेता अधिनियम, २०१४ आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत आधीच्या विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि नंतर हटवायचे असल्यास ३० दिवसांची नोटीस लागते. सर्वेक्षणात नाव नोंदवून घेणे हे पहिले काम.

चांगला रस्ता हाही हक्कच

वस्तीपर्यंत डांबर येते आणि नेमके वस्तीच्या तोंडाशी संपते, हे आपण सगळे जाणतो. वापरण्यायोग्य रस्ता मिळणे हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांच्या प्रकरणात २०१५ मध्ये म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सदोष रचना किंवा निकृष्ट बांधकामामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९८-अ खाली ठेकेदार किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि अपघातग्रस्ताला उचलायला घाबरू नका. कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

समितीची फाइल

प्रत्येक जयंती समितीने आणि युवक मंडळाने एक फाइल तयार ठेवावी, अशी आमची सूचना आहे. तिच्यात गाव नकाशा, नमुना २३ ची प्रत, मागच्या वर्षांच्या मिरवणुकीचे परवाने आणि मार्ग, त्याच मार्गावरून जाणाऱ्या इतर मिरवणुकांची नोंद, अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम ३ आणि ४ ची मराठी प्रत, आणि पोलीस ठाणे, तहसील, प्रांत, जिल्हा समाजकल्याण कार्यालय व तालुक्यातल्या एका वकिलाचा फोन क्रमांक असावा. पदाधिकारी बदलले की फाइल पुढच्यांकडे जावी. महाडला सत्याग्रही निघाले तेव्हा त्यांच्यामागे विधिमंडळाचा ठराव होता आणि नगरपालिकेचा ठराव होता. आपल्यामागे तर आता राज्यघटना आहे. तिच्यातला 'रस्ते' हा शब्द आपल्या गावात खरा करायचा, तर आधी तो कागदावर दाखवता आला पाहिजे.